तंबू गळला नाही, तरी अंथरूण भिजलं : मोर्शी तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

तंबूतल्या पहिल्या रात्रीनंतर ताईचा फोन रविवारी सकाळी सहाला आला. मागून भाच्याच्या शिंका ऐकू येत होत्या. "अरे, तुये भाऊजी म्हणे वॉटरप्रूफ हाये. रातभर दोन्ही पोट्ट्याइले घेऊन ओसरीत बसली मी," एवढं बोलून तिनं फोन भाऊजींच्या हातात दिला. भाऊजींनी एका वाक्यात निकाल लावला होता : "कापड बोगस निघालं, भाऊ."

मी मोर्शीला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. तंबूंचा जाणकार नाही. पण हे निदान मला पटेना. कापड गळलं असतं तर आधी तोंडावर थेंब पडले असते. ताईला जाग आली ती पाठ गार लागली म्हणून. पाणी वरून आलं की खालून, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

ताईच्या घरी पाच माणसं : ती, भाऊजी, बारा वर्षांचा भाचा, आठ वर्षांची भाची आणि तिच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच आजी म्हणतो. वावर गावापासून चार किलोमीटरवर, काळी भारी माती, त्यात संत्र्याची बाग. तंबू हवा होता तो दोन कामांसाठी. श्रावणात मुलांना चिखलदऱ्याला न्यायचं होतं, पण त्या दिवसांत शनिवार-रविवारच्या खोल्यांचे भाव परवडत नाहीत. भाऊजींच्या शाळेतल्या एका मित्राचं घर घाटातल्या गावात आहे, त्यानं अंगणात तंबू टाकायला सांगितलं होतं. दुसरं काम जागलीचं. आंबिया बहाराची फळं भरत आली की भाद्रपदापासून रात्री वावरात कोणीतरी लागतंच. रोही आणि रानडुकरं येतात, दोन पायांचे चोरही येतात.

भाऊजींनी ऑनलाइन २,१०० रुपयांचा तंबू मागवला होता. पिशवीवर लिहिलेलं : सहा माणसांचा, वॉटरप्रूफ, २,००० मिमी. आत तळाची रुंदी अडीच मीटर. अडीच मीटर भागिले सहा म्हणजे माणशी ४१ सेंटिमीटर. एस.टी.च्या तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तेव्हा त्याच्या वाट्याला साधारण एवढंच येतं. झोपायला माणशी निदान ६० सेंटिमीटर धरावे लागतात, म्हणजे हा तंबू चौघांचा, आणि सामान बाहेर.

तुषाराखालचा तपास

पावसाची वाट पाहण्यापेक्षा पाऊस पाडणं सोपं होतं. वावरात तुषार संच होताच. दिवसपाळीची वीज आली त्या दिवशी धुऱ्यालगतच्या गवतावर तोच तंबू, त्या रात्री टाकला होता अगदी तसाच उभा केला. खाली निळी ताडपत्रीही तशीच अंथरली. आजूबाजूला सरळ कडांचे तीन स्टीलचे डबे ठेवले, पाऊस मोजायला. आत तळभर जुने पेपर पसरले. कागदावर पाण्याचा एक थेंब पडला तरी डाग उमटतो आणि तो कुठून आला ते कळतं. भाचा बॅटरी घेऊन आत बसला. त्याला ही जबाबदारी फार आवडली.

तासाभरानं डब्यांत सरासरी १२ मिलिमीटर पाणी होतं. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर झालं की त्याला जोरदार पाऊस म्हणतं, आमचं तासाभराचं पाणी त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही थोडं कमी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. पाच चौरस मीटरच्या तंबूवर जोरदार पावसाच्या दिवशी सव्वातीनशे लिटर पाणी पडतं, म्हणजे शेतातल्या दोनशे लिटरच्या ड्रमाचे दीड ड्रम. तंबूनं ते अडवलं तरी ते कुठेतरी जाणारच. आमच्या प्रकरणाचं मूळ या "कुठेतरी"त होतं.

पेपर पाहिले. छताच्या आणि भिंतींच्या मोकळ्या कापडाखाली एकही डाग नव्हता. भाऊजींना आधी खरं वाटेना. कापडानं दिलेला शब्द पाळला होता.

डाग तीन ठिकाणी होते. पहिले भिंत आणि तळ जिथे शिवले आहेत त्या कोपऱ्यांत, एका रांगेत, सुईच्या टाक्यांइतक्या अंतरावर. शिलाई म्हणजे भोकांची रांग. चांगल्या तंबूत त्या भोकांवर आतून पट्टी उष्णतेनं चिकटवलेली असते. इथे ती नव्हती. पिशवीवरचे २,००० मिमी कापडाचे होते, शिलाईचे नव्हते.

दुसरे डाग वरच्या जाळीखाली. या तंबूला वरचं आवरण होतं ते टोपीएवढं, जाळीच्या खाली जेमतेम चार बोटं येणारं. पाऊस सरळ पडला तर ठीक, पण तुषाराची धार फिरत येऊन आडवी लागत होती, आणि घाटातला वारा तेच करतो.

तिसरा डाग सगळ्यांत मोठा होता, आणि तो तळाच्या मध्यभागी. तिथे छतातून काही पडत नव्हतं आणि जवळपास शिलाईही नव्हती. भाचा गुडघ्यांवर बसून जिथे जिथे सरकला होता तिथे पेपर ओला झाला होता. तंबू उचलून पाहिलं तर खाली ताडपत्रीवर तळं. ताडपत्री तंबूच्या बाहेर चारी बाजूंनी हातभर आली होती. भिंतींवरून ओघळलेलं सगळं पाणी तिच्यावर पडत होतं आणि उताराने थेट तंबूखाली जात होतं. ज्या ताडपत्रीनं तळाचं रक्षण करायचं, तिनंच पाणी आणून दिलं.

पण तळही वॉटरप्रूफ होता ना? इथे मला फळा लागला. तो २,००० मिमीचा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की खालून थेंब झिरपू लागतात, त्याची उंची. दीड हजारापासून पुढच्या कापडाला जलरोधक म्हणायची रूढी आहे, आणि छताला तेवढं पुरतं, कारण थेंबाचा मारा क्षणभराचा असतो. तळावर मात्र माणूस बसतो. भाऊजींचं वजन ७२ किलो. दोन गुडघे टेकले तर जमिनीला लागणारी जागा सगळी मिळून नव्वदएक चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ८०० ग्रॅम. एक किलोचा दाब म्हणजे दहा मीटर पाणी, तेव्हा हा झाला आठ मीटरचा स्तंभ, ८,००० मिमी. खाली माती मऊ असली की दाब पसरतो आणि आकडा उतरतो, तरी तो दोन हजारांच्या आत येईल असं मला वाटत नाही. भाचा भाऊजींपेक्षा हलका, पण त्याचे गुडघेही लहान. तळाखाली पाणी साचलं असेल तर माणूस स्वतःच्या वजनानं ते वर ओढून घेतो.

चौथी गोष्ट तुषार बंद झाल्यावर कळली. भाऊजी हट्टानं त्याच तंबूत, पाऊस नसताना, सगळ्या चेन लावून एक रात्र झोपले. सकाळी भिंती आतून ओल्या. श्वासातून आणि घामातून एका माणसाचं रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. एकपदरी कापडाला बाहेरून गार हवा लागली की ते आतून दवासारखं धरतं. याला लोक गळती समजतात आणि आणखी जाड, आणखी बंद तंबू घेतात. दव मग वाढतंच.

पैसे कशासाठी द्यायचे

ठरलेलं बजेट सात हजार. भाऊजींना पुन्हा ऑनलाइन दिसलेला, छत्रीसारखा फटकन उघडणारा सहा माणसांचा ४,५०० चा हवा होता. आजींना राहुटी हवी होती. मला दुपदरी चौघांचा तंबू, ६,४०० चा.

आजींचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बहिरमच्या जत्रेत त्या लहानपणापासून राहुटीत राहिल्या आहेत. डिसेंबर-जानेवारीत तिथे कुटुंबंच्या कुटुंबं राहुट्या टाकून हंडीचं जेवण करतात. "आमच्या वक्ती पाणी आलं तरी राहुटी गयत नव्हती. फक्त कापडाले हात लावाचा नाही," आजी म्हणाल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सुती जाड कापड भिजलं की त्याचे धागे फुगतात आणि मधल्या फटी बुजतात. उरलेल्या बारीक फटींत पाणी आपल्याच ताणानं अडकून राहतं. आतून बोट लावलं की तो ताण मोडतो आणि त्या जागेवरून धार लागते. मुलांना हे इतकं आवडलं की दोन दिवस घरातल्या प्रत्येक पडद्याला बोट लावणं चाललं होतं.

पण सुती राहुटी चाळीसेक किलोची, भिजल्यावर त्याहून जड. श्रावणात ती वाळायची कुठे? दोन दिवस ओली घडी राहिली की बुरशी. शिवाय तिला शिवलेला तळ नसतो, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी अडचण ही होती. पावसाळ्यात मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच बहुतेक वेळा चावते. दंश इतका हलका असतो की माणूस उठतही नाही. तळ भिंतींना शिवलेला आणि दाराची चेन पूर्ण लागणारी, ही अट मी पाण्याच्याही आधी धरली. इतर बाबतींत तडजोड चालली असती, या बाबतीत नाही.

फटकन उघडणाऱ्या तंबूवर दोन आक्षेप होते. वरचं आवरण पुन्हा टोपीएवढंच. आणि त्याचे सांधे एकदा तुटले की मोर्शीत काय, अमरावतीतही ते बसवून देणारं मला कोणी माहीत नाही. साध्या दोन काड्यांच्या घुमटाची फायबरची काडी तुटली तर तुटल्या जागी बाहेरून नळीचा तुकडा सरकवून वेळ निभावते. भाऊजी तरी अडून होते. "सहा माणसांचा ४,५०० ले भेटते अन् चौघांचा ६,४०० ले?" हा त्यांचा सवाल बाजारात बरोबरच आहे. तंबूत मात्र जागा स्वस्त असते आणि कोरडेपणा महाग.

निकाल ताईनं लावला, आणि तो माझ्या गणितांवर नाही. तिनं एवढंच विचारलं : "ओला तंबू घरी आणल्यावर वायवीन कोण?" अर्थात तीच. मग तिनं दोन्ही तंबूंचं वजन विचारलं, आतला पदर आणि वरचं आवरण वेगळं होतं का ते विचारलं, आणि वेगळं होणारा निवडला. दोन हलकी कापडं गोठ्यातल्या दोरीवर टाकता येतात, एक जोडलेलं बोचकं येत नाही. पॉलियुरेथेनचा लेप असलेलं कापड ओलंच बांधून ठेवलं तर तो लेप हळूहळू चिकट होऊन सुटत जातो, त्यामुळे तिचा हिशेब तंबूच्या आयुष्याचाही हिशेब होता.

घेतलेल्या तंबूत हे होतं. वरचं आवरण जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत खाली येणारं, २,००० मिमी, शिलाईवर आतून पट्टी. तळ टबासारखा, म्हणजे तळाचं जाड कापड चारी बाजूंनी वीतभर वर चढलेलं आणि शिलाई जमिनीपासून वर. पुढे मीटरभराची ओसरी, बूट आणि पिशव्यांसाठी. वर दोन खिडक्या, त्यांच्यावर झापड, पाऊस चालू असतानाही उघड्या ठेवता येतील अशा. कापड पॉलिस्टर, कारण नायलॉन भिजलं की सैल पडतं आणि उन्हातही लवकर कमजोर होतं. तळाची मापं २४० बाय २१०. चौघांना बरोबर. पाचव्या आजी, त्यांनी मित्राच्या घरात झोपायचं कबूल केलं. खरं तर तंबू पाहूनच त्यांनी ते जाहीर केलं होतं : "मी नाही त्या कुंचीत झोपत."

दुकानदाराला विचारून आम्ही दुकानातच शिलाई उन्हाकडे धरून पाहिली. पट्टी जिथे सुरकुतली असेल तिथे उजेडात रेघ दिसते. एका दाराच्या खालच्या कोपऱ्यात ती होती, पण बाकी ठीक म्हणून घेतला. घरी पुन्हा तुषाराखाली, या वेळी दोन तास, डब्यांत २५ मिलिमीटर. पेपरवर एकच डाग, बरोबर त्या कोपऱ्यात. कापड वाळवून तिथे पॉलियुरेथेनचा शिलाई बुजवायचा डिंक ब्रशनं लावला, रात्रभर ठेवला. त्यानंतर तो डाग आला नाही.

खुंट्या, चर आणि जागा

तंबूसोबत आलेल्या खुंट्या सायकलच्या आऱ्यांपेक्षा थोड्याच जाड होत्या. आमच्या काळ्या मातीत त्या कोरड्या दिवशी घट्ट बसतात आणि पाणी मुरलं की लोण्यातल्या सुरीसारख्या निघतात. ही माती भिजली की फुगते, मऊ होते, पकड सोडते. गावातल्या लोहाराकडून १० मिलिमीटरच्या सळईच्या फूटभर लांब बारा खुंट्या करून घेतल्या, वर आकडा वळवून, २० रुपयांना एक. त्या सब्बलीच्या पाठीनं ठोकायच्या, डोकं तंबूपासून दूर कललेलं ठेवून. माती फारच ओली असेल तर खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरून दोरी पोत्याला बांधायची. सगळ्या सामानात सगळ्यांत उपयोगी खर्च हा २४० रुपयांचा ठरला.

ताडपत्रीचा नियम उलटा झाला. ती आता तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं आत दुमडलेली असते. बाहेरून दिसली की चूक.

चराबद्दल आजींशी माझा वाद झाला आणि मी हरलो. राहुटीभोवती चर खणायची जुनी पद्धत आहे. मी म्हणालो, आता तळ शिवलेला असतो, गरज नाही, उगाच जमीन कशाला उकरायची. आजींनी विचारलं, वावरात पाणी मुरायला किती वेळ लागतो? एकदा भिजल्यावर काळी माती पाणी जवळजवळ घेतच नाही, वरूनच वाहू देते. उताराच्या वरच्या बाजूला विळीसारखा वाकडा, बोटभर खोल चर काढला तर तळाखाली येणारं पाणी वळतं. स्वतःच्या वावरात आणि भारी मातीत चर योग्यच. दुसऱ्याच्या अंगणात मात्र काढायचा नाही, तिथे उंचवटा शोधायचा.

जागेबद्दल बाकी फार सांगण्यासारखं नाही : नाल्याकाठ नको, खोलगट नको, दार वाऱ्याच्या पाठीला. एकट्या झाडाखाली कधीच नको. विदर्भात वीज पडून माणसं दगावतात ती बहुतेक वावरात आणि झाडाखाली, आणि तंबू विजेपासून काडीचंही रक्षण करत नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप भाऊजींनी तेव्हाच टाकून घेतलं. गडगडाट सुरू झाला की पक्क्या घरात जायचं किंवा गाडीत बसायचं.

दुसरी रात्र

श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी गेलो, मी पण. परतवाड्याच्या पुढे घाट लागला की धुकं गाडीच्या काचेला चिकटतं. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, आणि खाली मोर्शीत घाम निथळत असताना तिथे मुलांना स्वेटर लागतो. मेळघाटच्या जंगलात कुठेही तंबू टाकता येत नाही आणि टाकूही नये, म्हणून मित्राचं अंगणच. मुरमाड, जरा उंच. शेगडी त्याच्या ओसरीत, तंबूत नाही. बंद तंबूत शेगडी पेटवून माणसं गुदमरतात.

रात्री नऊपासून झड लागली. जोराची नाही, पण थांबायचं नाव नाही. मी घराच्या ओसरीत झोपलो, डबा अंगणात ठेवून.

पहाटे तीनला ताईनं हाक मारली. वरचं आवरण एका बाजूला आतल्या पदराला टेकलं होतं. भिजून कापड सैल पडलं असेल असं मला वाटलं. हात लावल्यावर कळलं की पॉलिस्टर ताठ होतं, सैल पडल्या होत्या त्या दोऱ्या, कारण दोऱ्या नायलॉनच्या. सगळ्या ओढून बांधल्या आणि दोन्ही पदरांत पुन्हा चार बोटांची फट आली. या दुपदरी तंबूत आजींचा हात न लावायचा नियम वेगळ्या कारणानं लागू पडतो : दोन पदर एकमेकांना टेकले की बाहेरच्या पदराचं दव आत उतरतं.

तेव्हाच दिसलं की थंडी वाजते म्हणून भाऊजींनी वरच्या दोन्ही खिडक्या बंद केल्या होत्या. आवरणाच्या आतल्या बाजूनं थेंब लोंबत होते. चार माणसांचा रात्रभराचा श्वास म्हणजे लिटरभर पाणी, आणि त्याला वाट नव्हती. खिडक्या उघडल्या. भाऊजी कुरकुरले आणि कांबळं ओढून घेतलं.

सकाळी डब्यात ३८ मिलिमीटर होतं. आतले पेपर, कारण मी इथेही पेपर टाकले होते, कोरडे होते. फक्त भाचीच्या पायांशी एक डाग : झोपेत तिनं पाय लांब करून भिंतीला लावले होते. तंबूच्या ओसरीतला एक बूट भिजला, तो बाहेर राहिला होता म्हणून. खर्चाचा हिशेब : तंबू ६,४००, खुंट्या २४०, डिंक ३५०. सात हजारांत दहा रुपये उरले. ते भाच्यानं घाटातल्या भुट्ट्यावर मागितले, आणि त्यात एक भुट्टा येत नव्हता म्हणून वर वीस घालावे लागले.

जुना तंबू

तो फेकायचाच होता. भाद्रपदात भाऊजींनी बागेच्या कडेला चार फूट उंच मचाण बांधलं, त्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर हा २,१०० चा तंबू बसवला आणि वरून निळी ताडपत्री दोरीवर छपरासारखी ताणली, चारी बाजूंनी हातभर बाहेर. खाली पाणी साचायला जागाच नाही, जाळीवर ताडपत्रीचं छप्पर, शिलाईपर्यंत थेंब पोहोचत नाही, आणि मण्यारीची भीतीही कमी. कापड तेच, ज्याला त्यांनी बोगस म्हटलं होतं. परवा रात्रभर पाणी होतं, म्हणून सकाळी फोन केला. भाऊजी म्हणाले, "आतमंदी कोरडं हाये. पण माणूस तीनदा खाली उतरला, रोही आले होते."